‘वन्स मोअर’ची माया आणि कलावंताची वाट

आमच्या गावच्या देवळात जत्रेच्या रात्री संगीत नाटक होते. ही प्रथा आमच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेली आहे. दिवसभर बागायतीत, दुकानात अथवा कचेरीत राबणारी माणसे त्या रात्री तोंडाला रंग लावून उभी राहतात. घरी कोंकणी बोलणारी जीभ मराठी संवाद आणि पदे म्हणू लागते. आणि एखादे पद चांगले रंगले की मंडपाच्या पार टोकाकडून आरोळी उठते, ‘वन्स मोअर!’ बालगंधर्वांच्या काळी या आरोळीपायी नाटके पहाटेपर्यंत लांबत, असे जुनी माणसे कौतुकाने सांगत आली. हा इंग्रजी शब्द आता इतका आपला झाला आहे की, तो परका आहे याची आठवणही कोणास होत नाही.

ही आरोळी आम्हीही अनेकदा दिली आहे. परंतु आमच्याच शाळेत घडलेल्या एका प्रसंगाने तिच्याविषयी विचार करावयास आम्हांस भाग पाडले. काही वर्षांपूर्वी शाळेत एक विद्यार्थी होता. पाचवीत असताना त्याने स्नेहसंमेलनात एक अभंग म्हटला आणि सारी सभा डोलली. तेव्हापासून दरवर्षी तोच अभंग त्याने म्हणावा, असा जणू नियमच पडून गेला. दहावीच्या वर्षी मात्र तो स्वतः रचलेले आणि स्वतःच चाल लावलेले एक गीत घेऊन उभा राहिला. त्याचा आवाज नुकताच फुटलेला होता, चाल अनोळखी होती. दुसरे कडवे सुरू होते न होते तोच मागच्या रांगांतून अभंगाची मागणी सुरू झाली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आम्हा शिक्षकांनीही हसून माना डोलावल्या. मुलगा थांबला. त्याने अभंग म्हटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत आमच्याही टाळ्या होत्या. त्यानंतर तो आमच्या व्यासपीठावर पुन्हा कधी गावयास उभा राहिला नाही. त्याच्या गीताचे दुसरे कडवे पुढे कसे होते, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही.

हा प्रसंग मनात सलत असतानाच एका परदेशी गायकाची कहाणी आमच्या कानी आली. आमच्या शेजारी एक सद्गृहस्थ राहतात. त्यांची सारी उमेद जहाजावरील नोकरीत गेली. देशोदेशीच्या बंदरांतून त्यांनी आणलेल्या तबकड्या त्यांच्या माडीवर जपून ठेवलेल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आम्हांस नील यंग या गायकाच्या तबकड्या, ज्या क्रमाने त्या निघाल्या त्याच क्रमाने, ऐकविल्या. गाणे परक्या देशाचे, भाषा परकी. परंतु गायक आणि श्रोते यांच्यातील ओढाताण मात्र आम्हांस पुरती ओळखीची वाटली.

नील यंग यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९४५ रोजी कॅनडातील टोरांटो शहरी झाला. वडील पत्रकार व लेखक. १९५१ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, त्यांस पोलिओने गाठले. पुढे आईवडील विभक्त झाले आणि मुलगा आईबरोबर विनिपेग येथे राहावयास गेला. तेथेच शाळकरी वयात त्यांनी मित्रांना जमवून वाद्यवृंद काढला. १९६६ साली एका जुन्या शववाहिनी मोटारीत सामान घालून ते अमेरिकेतील लॉस एंजल्सला पोहोचले आणि ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ या वाद्यवृंदातून लोकांसमोर आले. गीत स्वतः रचावयाचे, चाल स्वतः लावावयाची आणि गावयाचेही स्वतःच, ही त्यांची रीत. आपल्याकडील संतांनी आणि शाहिरांनी हेच केले असल्याने ही रीत आपणांस नवीन नाही.

ज्या संगीतप्रकाराशी त्यांचे नाव जोडले जाते त्यास ‘कंट्री रॉक’ म्हणतात. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील, विशेषतः दक्षिणेकडील कष्टकऱ्यांच्या गाण्यांतून ‘कंट्री’ संगीत निघाले. फिडल, बँजो आणि गिटार ही त्याची वाद्ये. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर त्याचे माहेर. ‘रॉक’ हे विजेच्या गिटारीचे, दणदणीत तालाचे आणि तरुणांच्या बंडखोरीचे संगीत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही तरुण गायकांनी या दोहोंची सांगड घातली. यंग हे त्यांपैकी एक. त्यांचा आवाज उंच, पातळ आणि किंचित कापरा आहे. तो पहिल्याच क्षणी कोणास आवडेल असे आम्ही म्हणणार नाही. आम्हांसही तो आवडला नव्हता. परंतु दोन-तीन गीते ऐकल्यावर असे वाटू लागते की, हा माणूस आपल्याला काही खरे सांगत आहे आणि ते सांगताना आवाज कापतो आहे याची त्याला पर्वा नाही.

१९७१ च्या फेब्रुवारीत ते दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला गेले होते. तेथील वादकांना जमवून त्यांनी काही गीते मुद्रित केली. पाठीच्या दुखण्यामुळे जड अशी विजेची गिटार त्यांना फार वेळ पेलवत नव्हती, म्हणून बसून साधी लाकडी गिटार वाजविली. साथीला पेडल स्टील गिटार होती. या वाद्यात तारांवरून धातूची कांडी सरकवीत सूर एकमेकांत मिसळतात आणि ऐकताना आपल्या संगीतातील मींडेची आठवण होते. या मुद्रणातून आणि नंतरच्या काही गीतांतून सिद्ध झालेली ‘हार्वेस्ट’ ही तबकडी १९७२ साली निघाली. ‘हार्वेस्ट’ म्हणजे सुगी. काही समीक्षकांनी नाक मुरडले, परंतु लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेली तबकडी तीच. तीतील ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे गीत खपाच्या यादीत अगदी वर पोहोचले. निर्मळ अंतःकरणाचा शोध घेत हिंडणाऱ्या आणि हिंडता हिंडता वय वाढत चालले आहे हे जाणणाऱ्या माणसाचे ते गीत आहे.

एवढ्यावर एखादा संतुष्ट झाला असता. श्रोत्यांची मागणीही तीच होती, की अशीच मृदू गीते आणखी द्या. परंतु यंग यांच्या आयुष्यात त्याच सुमारास अंधार दाटून आला. त्यांचा सहकारी गिटारवादक डॅनी व्हिटन हा व्यसनाधीन होऊन वादनास असमर्थ झाला होता. यंग यांनी त्याला तालमीतून घरी परत पाठविले आणि त्याच रात्री, १८ नोव्हेंबर १९७२ रोजी, अतिसेवनाने त्याचा अंत झाला. हा घाव उरात घेऊन १९७३ साली ते दौऱ्यावर निघाले. मोठमोठी सभागृहे भरली होती आणि लोक ‘हार्वेस्ट’मधील गोडवा ऐकावयास आले होते. यंग यांनी मात्र त्यांस नवी, कर्कश, कोणी न ऐकलेली गीते ऐकविली. श्रोते गोंधळले, काही रागावले. त्याच वर्षी आणखी एक सहकारी व्यसनापायी गेला. त्या दोघांच्या शोकातून ‘टुनाइट्स द नाइट’ ही तबकडी जन्मास आली. तीत आवाज कुठे फाटतो, कुठे सूर सुटतो. ते दोष जाणूनबुजून तसेच ठेवले आहेत. ती बाजारात यावयास १९७५ साल उजाडले.

त्या काळच्या इंग्लंडच्या दौऱ्याविषयी एक आठवण सांगतात. कार्यक्रमात सारी अनोळखी गीते होत असत. शेवटी यंग म्हणत, की आता तुम्ही पूर्वी ऐकलेले एक गीत गातो. श्रोते आनंदाने टाळ्या वाजवीत. आणि ते कार्यक्रमाच्या आरंभीचेच नवे गीत पुन्हा गात! ‘वन्स मोअर’ला असे उत्तर आपल्याकडील एखाद्या नटाने दिले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे १९७७ साली त्यांनी लिहिले, की ‘हार्ट ऑफ गोल्ड’ने आपणांस रस्त्याच्या मधोमध आणून सोडले होते, ते कंटाळवाणे होऊ लागले म्हणून आपण कडेच्या खड्ड्याकडे वळलो.

यावर कोणी म्हणेल, हा तर कलावंताचा अहंकार झाला. श्रोता घामाचे पैसे देऊन तिकीट काढतो. त्याला जे हवे ते मागण्याचा अधिकार नाही काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. दिवसाची मजुरी खर्चून गाणे ऐकावयास आलेल्या माणसाला दोन घटका आनंद हवा असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. शिवाय नवे म्हणजे चांगलेच, असेही नव्हे. यंग यांनी पुढे केलेले कित्येक प्रयोग त्यांच्या चाहत्यांनाही रुचले नाहीत. नापसंत करण्याचा श्रोत्याचा अधिकार आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नापसंती ही ऐकल्यानंतरची गोष्ट आहे, आणि ऐकण्यापूर्वीच ‘हे नको, ते दे’ म्हणणे ही आज्ञा आहे.

ही आज्ञा किती दूर जाऊ शकते त्याचे उदाहरणही यंग यांच्याच चरित्रात सापडते. १९८० नंतर त्यांनी ‘गेफन’ या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला आणि ‘ट्रान्स’ नावाची तबकडी काढली. तीत त्यांचा आवाज यंत्रातून गाळून घेतल्यासारखा येतो, शब्द नीट उमगत नाहीत. चाहते चिडले. परंतु त्या प्रयोगामागील कारण घरातले होते. त्यांच्या मुलास सेरेब्रल पाल्सी हा मेंदूचा विकार असून त्याला बोलता येत नव्हते. त्याच्याशी संवाद साधण्याची धडपड त्या यांत्रिक आवाजात होती. श्रोत्यांना शब्द कळत नाहीत, तसेच आपल्याला मुलाचे शब्द कळत नाहीत, असे यंग यांनी पुढे सांगितले. ज्याला आपण विक्षिप्तपणा म्हणत होतो ते एका बापाचे दुःख होते! कंपनीने मात्र १९८३ साली त्यांच्यावर तेहतीस लाख डॉलरांचा दावा लावला. तक्रार अशी की, ही गीते नील यंग यांच्या गीतांसारखी नाहीत. स्वतःसारखे न गायल्याबद्दल गायकावर खटला! पुढे हे प्रकरण मिटले, १९८५ साली यंग यांची शुद्ध कंट्री वळणाची ‘ओल्ड वेज’ ही तबकडी निघाली, आणि कंपनीच्या प्रमुखांनी त्यांची क्षमाही मागितली. परंतु आम्ही जेव्हा हे ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले नाही. दहावीतल्या त्या मुलावर आम्ही दावा लावला नव्हता एवढेच. बाकी आमची तक्रार तीच होती, की तू तुझ्यासारखा गात नाहीस.

मग श्रोत्याने काय करावे? मुकाट बसावे? मुळीच नाही. यंग यांच्या श्रोत्यांनीच त्याचा एक उत्तम मार्ग दाखविला आहे. १९७० साली ‘सदर्न मॅन’ आणि १९७२ साली ‘अलाबामा’ या गीतांतून यंग यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील वर्णद्वेषावर कठोर टीका केली. दक्षिणेतील ‘लिनर्ड स्किनर्ड’ या वाद्यवृंदाच्या तरुणांना यंग यांची गाणी प्रिय होती. परंतु साऱ्या दक्षिणेला एकाच मापाने मोजले, हे त्यांना खटकले. त्यांनी १९७४ साली ‘स्वीट होम अलाबामा’ हे गीत काढून, यंग यांचे नाव घेऊन, उत्तर दिले. त्या गीताच्या अर्थावरही पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु दोन्ही बाजूंनी एकमेकांविषयीचा आदर सोडला नाही. त्या वृंदाचा मुख्य गायक रॉनी व्हॅन झँट यंग यांच्या तबकडीचे चित्र असलेला सदरा घालून मिरवीत असे. १९७७ च्या ऑक्टोबरात विमान अपघातात तो मृत्यू पावला, आणि त्यानंतर यंग यांनी स्वतःच्याच विरोधात रचलेले ते गीत एका कार्यक्रमात गाऊन त्याला श्रद्धांजली वाहिली. पुढे २०१२ साली आत्मचरित्रात त्यांनी कबूल केले, की ‘अलाबामा’तील आपले शब्द दोषारोपाचे आणि वरचढपणाचे होते, आपल्याला मिळालेला टोला योग्यच होता. टीकेचा मूळ विषय, अर्थात वर्णद्वेषाचा निषेध, त्यांनी मागे घेतला नाही. चूक सांगण्याच्या तऱ्हेची होती, ती मानली.

विद्यार्थिमित्रांनो, हे उदाहरण तुम्ही विशेष ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते. त्या तरुणांनी यंग यांचे गाणे बंद पाडले नाही. त्यांनी ते पुरते ऐकले, त्यातील जे पटले नाही ते ओळखले आणि स्वतःच्या गाण्याने उत्तर दिले. असे उत्तर देणारा श्रोता गायकालाही वाढवितो.

आता आमच्या ‘वन्स मोअर’कडे पुन्हा वळू. आपल्या नाट्यसंगीतातील ही आरोळी वाईट होती, असे आम्ही म्हणावे काय? तसे म्हणण्यास मन धजत नाही. आणि विचार केल्यावर त्याचे कारणही सापडते. बालगंधर्वांसारखा गायक एकच पद पुन्हा म्हणत असे तेव्हा ते तेच पद राहत नसे. दुसऱ्या वेळी जागा निराळी, तिसऱ्या वेळी तान निराळी. जाणता श्रोता ‘वन्स मोअर’ म्हणे तेव्हा तो ‘तेच पुन्हा’ असे म्हणत नसे; ‘यात आणखी काय आहे ते दाखवा’ असे म्हणत असे. मैफलीत एकच बंदिश शंभरदा ऐकली तरी कंटाळा येत नाही, तो याच कारणाने. तबकडी आली आणि हे बदलले. तबकडीत गाणे एकदा गोठते ते कायमचे. श्रोत्याच्या कानात तेच रूप पक्के बसते आणि प्रत्यक्ष गायक समोर उभा राहिला तरी त्याच्याकडून आपण तबकडीचीच अपेक्षा करतो. आज तर प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे; आवडीचे गीत दिवसातून वीस वेळा, एका स्वराचाही फरक न होता, ऐकता येते. ही सोय आम्ही नाकारीत नाही. आमच्याही खिशात ते यंत्र आहे. परंतु यंत्राकडून जे मिळते तेच माणसाकडून मागण्याची सवय जडली, तर माणूस गावयाचा कशाला?

काळाचा न्यायही पाहण्यासारखा आहे. ‘हार्वेस्ट’नंतरच्या ज्या तबकड्यांनी श्रोत्यांचा हिरमोड केला होता, त्यांपैकी ‘ऑन द बीच’ ही १९७४ सालची. ही गीते नव्या सीडीच्या रूपात पुष्कळ वर्षे मिळत नव्हती. ती मिळावीत म्हणून पाच हजारांहून अधिक रसिकांनी सह्यांचा अर्ज केला आणि २००३ साली ती निघाली. खंक म्हणून टाकून दिलेले नाणे पुढच्या पिढीने शोधून काढले आणि ते खणखणीत ठरले. आणि मृदू गीतांची मागणी? तीही पुरी झाली. १९९२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, यंग यांनी ‘हार्वेस्ट’मधील बहुतेक जुन्या साथीदारांना जमवून ‘हार्वेस्ट मून’ काढली. तीत दीर्घ सहवासानंतरही टिकलेल्या प्रेमाचे, चांदण्यात पुन्हा नाचावयास निघालेल्या जोडप्याचे गीत आहे. श्रोत्यांना त्यांचा ‘वन्स मोअर’ मिळाला; मात्र तो वीस वर्षांनी मिळाला, आणि त्यात मधल्या वीस वर्षांचे जगणे उतरलेले होते. १९७३ सालीच तो हट्टाने मागून घेतला असता तर त्यात हे काहीच नसते.

पालकांना आमची एक विनंती आहे. आपल्या मुलाने एकदा चित्रकलेत बक्षीस मिळविले की त्याने जन्मभर तसलेच डोंगर आणि तसलाच सूर्य काढावा, एकदा वक्तृत्वात पहिला आला की दरवर्षी तेच भाषण म्हणावे, असे आपणांस नकळत वाटू लागते. पाहुणे आले की ‘ते तुझे गाणे म्हणून दाखव’ असे आपण सांगतो. त्यात मायाच असते. पण मूल वाढत असते, त्याचा आवाज फुटत असतो, आणि कालच्या गाण्यात त्याला आज कोंडल्यासारखे होते. तेव्हा त्याने काही नवे आणले तर ते शेवटपर्यंत ऐकावे. आवडले नाही तर तसे सांगावे, का आवडले नाही तेही सांगावे. फक्त मध्येच थांबवू नये.

यंदाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या स्वरचित गीतांसाठी अर्धा तास राखून ठेवावा, अशी सूचना आम्ही शाळेपुढे मांडली आहे. त्या अर्ध्या तासात सूर चुकतील, यमके ओढूनताणून जुळविलेली असतील, क्वचित कंटाळाही येईल. तो कंटाळा आम्ही पहिल्या रांगेत बसून सोसणार आहोत. मागच्या रांगांनीही सोसावा.

आणि दहावीतला तो विद्यार्थी आज परगावी शिकत आहे. हा अंक त्याच्या घरी जातो, हे आम्हांस ठाऊक आहे. तो त्याच्या हाती पडलाच तर आमचा एवढाच निरोप की, सुट्टीत गावी येशील तेव्हा शाळेत ये. आम्हांस ते दुसरे कडवे ऐकावयाचे राहिले आहे.